आईच्या पाटल्या आणि सिनेमा झूम

वाचकाचं पत्र:

"ताई, मी सोलापुरात साखर पेठेत राहतो, वय २७. पाच वर्षं झाली, लग्नाची शूटिंग करायलोय. सोनी ए७ थ्री कॅमेऱ्याची बॉडी, टॅमरॉनची २८-७५ आणि एक ८५ची लेन्स, एवढंच सामान. आता स्वतःची डॉक्युमेंटरी करायची आहे आणि जानेवारीत गड्ड्याची यात्राही नीट शूट करायची आहे. एक वापरलेली सिनेमा झूम, म्हणजे सिनेमासाठीच घडवलेली झूम लेन्स, मिळायलीय, फुजिनॉन एमके १८-५५. भिशीचे पावणेदोन लाख हातात आहेत. कमी पडतील ते आईच्या पाटल्या ठेवून उभे करेन, आईची ना नाही. पुण्याचा मित्र म्हणतो, या लेन्सशिवाय सिनेमॅटिक लुक येतच नाही आणि लग्नाचे दरही वाढवता येतील. घेऊ का? माझी बॉडी तिला पुरेल का? ता. क. डॉक्युमेंटरी आजोबांवर आहे. ८१ वर्षांचे आहेत, तेलुगूतच बोलतात, अजून रोज मागापाशी जाऊन बसतात. वडील दिवाळीनंतर माग काढून टाकणार आहेत."

तू ताई म्हटलंस, तेव्हा अरे-तुरेच करते. आधी उत्तर सांगते, कारणं मागून. पाटल्या आईच्या हातात राहू देत. ती लेन्स आत्ता विकत घेऊ नकोस. आणि कुठल्याही लेन्सची वाट न बघता याच आठवड्यात आजोबांचं शूटिंग सुरू कर. तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट ता. क. मध्ये येऊन बसलीय. दिवाळीला किती दिवस राहिलेत ते मोज. लेन्स भाड्यानं मिळते, तो माग एकदा भंगारात गेला की मिळायचा नाही.

लेन्स वाईट आहे म्हणून नको म्हणत नाहीये. २०१७ साली फुजिनॉननं एमके मालिका काढली तेव्हा आमच्यासारख्या छोट्या बजेटवाल्यांना खरंच आनंद झाला होता. तोवर बहुतेक सिनेमा झूम म्हणजे जड वस्तू आणि दिवसाचं भाडंही तसंच. एमके १८-५५चं वजन ९८० ग्रॅम, पूर्ण झूमभर टी २.९ (टी म्हणजे काय ते पुढे सांगते), फोकसची रिंग २०० अंश फिरते आणि तिन्ही रिंगांना दाते. तुझा मोह मला कळतो. पण ही लेन्स नेमकं काय करते, हे तुझ्या मित्रानं तुला सांगितलेलं दिसत नाही. 'सिनेमॅटिक लुक' या दोन शब्दांत ते मावत नाही.

माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगते. मी कॅमेरा शिकले तो बीटाकॅमवर, म्हणजे टीव्हीवाल्यांच्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर. त्या कॅमेऱ्याच्या झूमवर आमची एकच पद्धत असायची: पूर्ण टेलीला, म्हणजे सगळ्यात जवळ जा, माणसाच्या डोळ्यावर फोकस कर, मग हवं तेवढं मागे, वाइड ये. फोकस हलायचा नाही. हाताला ती सवय इतकी बसली की लेन्सचा हा गुण आहे हेच विसरायला झालं. २००८मध्ये निकॉन डी९० आणि कॅनन ५डी मार्क टू आले, फोटोच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ आला आणि आम्ही सगळे त्याच्यामागे धावलो. मीही ५डी घेतला. आषाढीला पंढरपुरात, चंद्रभागेच्या वाळवंटात एक म्हातारी तुळशीची माळ ओवत बसली होती. ७०-२०० फोटो झूम होती. २००ला तिच्या डोळ्यावर फोकस केला, रेकॉर्ड दाबलं आणि हळूहळू मागे येत गेले, की तिच्याभोवतीच्या राहुट्या, दिंड्या, नदी सगळं उलगडावं. मागच्या छोट्या स्क्रीनवर शॉट सुंदर दिसत होता. रात्री लॅपटॉपवर उघडला. पहिल्या क्षणी सुरकुती न सुरकुती स्वच्छ, आणि मागे येता येता म्हातारी, माळ, राहुट्या, सगळंच मऊ होत गेलेलं. तो शॉट परत घ्यायला दुसऱ्या दिवशी गेले, तर ती जागाच रिकामी होती.

फोटोच्या बहुतेक झूम अशाच असतात. झूम बदलला की फोकस सरकतो, कारण फोटोग्राफर दर फोटोला नव्यानं फोकस करतो आणि ऑटोफोकस ते क्षणात करून टाकतो. तेव्हा ती लेन्स हलकी आणि स्वस्त ठेवण्यासाठी हा गुण सोडून दिला तरी कुणाचं अडत नाही. सिनेमा झूममध्ये काचांचे गट असे हलवतात की १८पासून ५५पर्यंत फोकस जागचा हलू नये. याला पारफोकल म्हणतात. दुसरा गुण ब्रीदिंगचा. फोकस जवळून लांब नेताना फोटो लेन्सची चौकट किंचित आत-बाहेर होते, जणू चित्र श्वास घेतंय. सिनेमा लेन्समध्ये ते फार कमी. तिसरा गुण रिंगेचा. आत्ताच्या बहुतेक मिररलेस लेन्सची फोकस रिंग म्हणजे एक विजेचं बटण असतं. भरभर फिरवलीस तर फोकस लांब जातो, सावकाश फिरवलीस तर थोडा जातो. त्यामुळे रिंगेवर टेप लावून 'इथे आजोबा, इथे खिडकी' अशी खूण करता येत नाही. सिनेमा लेन्समध्ये रिंग थेट काचेशी जोडलेली, खूण आज केली ती उद्याही तिथेच.

आणि टी म्हणजे काय तेही सांगून टाकते, कारण 'टी २.९ म्हणजे माझ्या २.८पेक्षा कमी प्रकाश' असं दुकानात कुणीतरी तुला सांगेलच. एफ हा लेन्सच्या भोकाचा हिशेब आहे, टी म्हणजे काचांमधून प्रत्यक्षात आत पोचलेला प्रकाश. एफ २.८च्या लेन्समधून ८० टक्के प्रकाश आत आला तर ती टी ३.१ भरते. म्हणजे एमके ही तुझ्या टॅमरॉनच्या बरोबरीची किंवा जराशी उजवीच असेल.

आता बघ, हे सगळे गुण कुणासाठी आहेत? जो हातानं फोकस करतो त्याच्यासाठी. शक्यतो दोन माणसांसाठी, एक चौकट बघणारा आणि एक फक्त फोकस सांभाळणारा, फोकस पुलर. लग्नात तू एकटा असतोस. हळदीत पोरं नाचतायत, वरातीत नवरदेव घोड्यावर, मंगलाष्टकं संपली की अक्षतांचा पाऊस आणि त्याच क्षणी हार. तिथे तुला वाचवतो तो चेहरा ओळखणारा ऑटोफोकस. एमकेच्या ई-माउंट, म्हणजे तुझ्या सोनीला थेट बसणाऱ्या आवृत्तीला ऑटोफोकस नाही, कॅमेऱ्याशी बोलणारे विजेचे संपर्कही नाहीत. याचा आणखी एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. बॉडीच्या आतलं स्थिरीकरण नीट चालायला कॅमेऱ्याला लेन्सची लांबी माहीत असावी लागते. मुकी लेन्स ती सांगत नाही, मेन्यूत हातानं भरावी लागते. तू १८ भरून ५५ला गेलास की कॅमेरा चुकीच्या मापानं सावरत बसतो. ट्रायपॉडवर काही बिघडत नाही, कारण तिथे स्थिरीकरण बंदच ठेवायचं असतं. पण मंडपात खांद्यावर कॅमेरा घेऊन पळताना बिघडतं. तेव्हा लग्नाचे दर या लेन्सनं वाढतील, हे डोक्यातून काढून टाक. पाठवणीच्या वेळी नवरीच्या आईचा चेहरा फोकसमध्ये मिळाला तर गिऱ्हाईक दुसऱ्या मुलीचं लग्नही तुलाच देतं.

बॉडी पुरेल का, या प्रश्नातच तुझ्या पैशांचं खरं उत्तर आहे. ए७ थ्री २०१८चा. फोटोला आजही उत्तम, पण व्हिडिओ ८ बिट लिहितो. ८ बिटमध्ये एकूण १ कोटी ६७ लाख रंगछटा, १० बिटमध्ये १०७ कोटी. साध्या प्रोफाइलमध्ये हा फरक लपतो. पण एस-लॉग थ्री लावलास, म्हणजे उजेड आणि सावली दोन्ही पकडण्यासाठी चित्र फिकट करून साठवलंस आणि नंतर रंग ओढलेस, की तुटक छटा उघड्या पडतात. सिद्धेश्वर तलावावरचं संध्याकाळचं आकाश घे. केशरीतून निळ्यात जाणारा उतार १० बिटमध्ये सलग उतरतो, ८ बिटमध्ये त्याच्या पायऱ्या होतात. त्यावर एवढी महाग लेन्स लावलीस तरी पायऱ्या जात नाहीत. शिवाय एमके फक्त सुपर ३५, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर झाकते. तुझ्या फुल फ्रेमवर ती लावली की कॅमेरा क्रॉपमध्ये न्यावा लागेल, म्हणजे सेन्सरचा मधलाच भाग वापरायचा. ६,००० पिक्सेलच्या रुंदीतले जेमतेम ४,००० उरतात आणि फोर-केला ३,८४० तर लागतातच. आज तुला पूर्ण रुंदीतून गाळून आलेलं धारदार फोर-के मिळतं, ते जाईल आणि अंधारात दाणाही वाढेल. म्हणजे पाटल्या गहाण ठेवून चित्र आत्तापेक्षा थोडं खालीच यायचं.

म्हणून माझं म्हणणं, पैसे बॉडीत घाल, तेही भिशीच्या रकमेत बसेल तेवढेच. तुझ्यापुढे दोन नावं ठेवते. सोनी ए७ फोर २०२१चा, ३३ मेगापिक्सेल, आतच १० बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती) लिहितो, सलग २९ मिनिटांनी रेकॉर्डिंग थांबायची अट नाही, व्हिडिओतही डोळा धरून ठेवतो, स्क्रीन बाजूला उघडतो. दुसरा एफएक्स३० २०२२चा, सेन्सरच सुपर ३५, आत पंखा, व्हिडिओसाठीच घडवलेला. डॉक्युमेंटरीवाला असतास तर डोळे मिटून एफएक्स३० म्हटलं असतं. पण त्याला यांत्रिक शटर नाही, फ्लॅश चालत नाही, डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही. आपल्याकडे लग्नाची ऑर्डर म्हणजे व्हिडिओसोबत स्टेजवरचे पाचशे कौटुंबिक फोटो आलेच. तू एकटा माणूस, तुझ्यासाठी चांगल्या अवस्थेतला वापरलेला ए७ फोर. जुना ए७ थ्री विकू नकोस, तो दुसरा कॅमेरा. आजोबांची मुलाखत दोन बाजूंनी घेता येईल. दोन्हीचे रंग जुळवायचे असतील त्या दिवशी मात्र दोन्हीकडे लॉग बंद ठेव आणि व्हाइट बॅलन्स एकाच पांढऱ्या कागदावर हातानं लाव.

मेमरी कार्डाची धास्ती घेऊ नकोस. १० बिट ४:२:२ फोर-के २५ फ्रेमला सेकंदाला १४० मेगाबिट, म्हणजे तासाला ६३ जीबी. चांगलं व्ही३० कार्ड पुरतं (व्हीचा आकडा म्हणजे कार्डाचा लिहिण्याचा वेग). ऑल-इंट्रा, म्हणजे दर फ्रेम वेगळी साठवणारी जड फाइल लिहायचं ठरवलंस तर व्ही६० घे, पण लग्नाला त्याची काही गरज नाही. तुझा कॉम्प्युटर या फाइली ओढताना दमेल. एडिटिंगआधी प्रॉक्सी, म्हणजे फाइलींच्या हलक्या प्रती बनवून घे, नाहीतर टाइमलाइन अडखळायला लागली की तू कॅमेऱ्याला दोष देशील.

बॉडीनंतर लगेच एनडी फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर लावायची प्रकाश अडवणारी काळी काच घे. हा खर्च लोक टाळतात आणि मग उन्हातले सगळे शॉट झटके खाल्ल्यासारखे येतात. फ्रेमच्या दुप्पट या नियमानं २५ फ्रेमला शटर १/५० हवं. एस-लॉग थ्री आयएसओ ८००च्या खाली नेऊन फायदा नाही. सोलापूरच्या भर उन्हात आयएसओ ८००ला एफ १६ आणि १/८०० असं मोजमाप येतं. तुला हवंय एफ ४ आणि १/५०. म्हणजे चार स्टॉप शटरचे, चार भोकाचे, एकूण आठ स्टॉप प्रकाश अडवायचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). बाजारात सर्रास मिळणारा दोन ते पाच स्टॉपचा व्हेरिएबल एनडी इथे कमी पडतो. सहा ते नऊवाला बघ. आणि तो ८२ मिलिमीटरचा घे. तुझी टॅमरॉन ६७ची आहे, मध्ये ६७-८२ची स्टेप-अप रिंग लाव. एमकेचाही फिल्टर ८२चाच, म्हणजे भाड्यानं आणलीस तरी हाच फिल्टर लागेल.

गड्ड्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, संमती कट्ट्यावरच्या अक्षता, होम, शोभेचं दारूकाम, या सगळ्यांत एकही गोष्ट तुझ्यासाठी थांबत नाही. तिथे टॅमरॉन, ऑटोफोकस आणि मोनोपॉड. सिनेमा झूम घरी. अक्षतांच्या दिवशी एखादी ७०-२०० भाड्यानं आण आणि जागा धरायला सकाळीच जा. सगळ्यात अवघड आहे तो पांढऱ्या बाराबंदीचा उजेड. जानेवारीचं तिरकं ऊन, हजारो माणसं पांढऱ्या कपड्यांत आणि त्यांचे सावळे चेहरे. लॉगमध्ये झेब्रा, म्हणजे जास्त उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय, ९४+वर ठेव, म्हणजे पांढऱ्या कापडातला तपशील कधी जातोय ते दिसेल. बाराबंदीची घडी शाबूत ठेवून चेहऱ्यावर जेवढा उजेड घेता येईल तेवढा घे. आणि नंदीध्वज पेलणाऱ्याचे फक्त हात आणि कमरेचा पट्टा असा एक लांब शॉट घे. वर बघणारे कॅमेरे शेकड्यांनी असतात.

आता तुझा माग. तिथे ही लेन्स सोन्यासारखी आहे, म्हणून ती भाड्यानं आण, पण सगळ्या शूटिंगला नको, शेवटच्या तीन-चार दिवसांपुरती. तोवर टॅमरॉनवर काम कर, आजोबांना कॅमेऱ्याची सवय होऊ दे आणि तुला कुठल्या जागी कुठला शॉट हवाय ते कळू दे. कारखान्यात सिनेमा झूम का, तर एक कारण भुऱ्याचं. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताचा भुरा हवेत तरंगत असतो, उन्हाच्या तिरपीत तो सोन्याच्या धुळीसारखा दिसतो आणि लेन्स बदलायला कॅमेरा उघडलास की सरळ सेन्सरवर जाऊन चिकटतो. एकच झूम लावून दिवसभर ती न काढणं, हाच उपाय. दुसरं कारण शॉटचं. समज, ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला एक धागा तुटलाय. आजोबा वाकून दोन बोटांत तो सांधतायत. ५५ला फक्त ती बोटं, गाठ आणि नखात अडकलेला रंग. गाठ बसते, बोटं बाजूला होतात आणि तू न कापता सावकाश १८ला येतोस: आजोबा, त्यांच्यावर झुकलेलं जकार्ड (नक्षीसाठी मागावर बसवलेलं यंत्र), आणि मागच्या भिंतीपाशी जिथे आधीचे माग होते ती मोकळी फरशी. पूर्ण शॉटभर फोकस गाठीच्याच अंतरावर. हे तुझी टॅमरॉन करू शकत नाही, माझी ७०-२०० करू शकली नव्हती.

रोलिंग शटर तिथे त्रास देईल. सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो, तेवढ्या वेळात आडवा धागा नेणारा धोटा पुढे निघून जातो आणि मागाचे हलते सांधे वाकडे दिसतात. ए७ फोर फुल फ्रेममध्ये बराच सावकाश वाचतो, सुपर ३५ क्रॉपमध्ये साधारण निम्म्या वेळात. एमकेला क्रॉप लागतोच, तेव्हा इथे तो तुझ्या पथ्यावर पडेल. शेडमधल्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, आपली वीज ५० हर्ट्झची. २५ फ्रेमला १/५०, ५० फ्रेमला १/१००, आणि फुल एचडीत १०० फ्रेमवर धोटा सावकाश दाखवायचा झाला तरी १/१००च. नियमानं १/२०० यायला हवं, पण तिथे ट्यूब थरथरायला लागेल. थोडा जास्त फराटा चालेल, थरथर काढता येत नाही. शक्य असेल तर सकाळी दारातून येणाऱ्या उजेडातच काम उरक.

लेन्स भाड्यानं आणायला सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जा, संध्याकाळच्या हुतात्मानं परत ये. स्वतःची बॉडी आणि ट्रायपॉड घेऊन जा, काउंटरवर तपासल्याशिवाय पैसे देऊ नकोस. ट्रायपॉड उभा कर, भोक पूर्ण उघडं ठेव, ५५ला जाऊन रस्त्यापलीकडच्या पाटीवरच्या अक्षरांवर फोकस कर. रिंगेला हात न लावता १८ला ये आणि स्क्रीनवर चित्र मोठं करून बघ. अक्षरं मऊ असतील तर लेन्सचं माउंटपासूनचं अंतर बिघडलंय. एमकेला ते जुळवायची सोय लेन्सवरच असते, दुकानातल्या माणसाकडूनच जुळवून घे. मला एकदा भाड्याची पीएल, म्हणजे सिनेमा कॅमेऱ्याच्या माउंटची लेन्स अडॅप्टरसकट मिळाली होती, अडॅप्टरला केसभर खेळ होता. पारफोकल लेन्स आणि शॉट फोटो झूमसारखे, असं दोन दिवस चाललं आणि मी माझ्याच डोळ्यांवर संशय घेत बसले. दुकानदारानं तुला डीझेडओफिल्मची पिक्टर २०-५५ दिली तर तीही चांगली आहे, टी २.८, सुपर ३५, फक्त वजन दीड किलोच्या आगेमागे आणि माउंट पीएल किंवा ईएफ. तिला अडॅप्टर लागेल आणि लेन्सखाली आधाराला रॉडही. अडॅप्टर हातानं डावीकडे-उजवीकडे पिळून बघ. जराही हलला तर दुसरा अडॅप्टर मागून घे.

आजोबांना मराठीत बोलायला लावू नकोस. तेलुगूत बोलू दे, खाली मराठी ओळी देता येतात. मुलाखत माग बंद असताना घे, छातीवर कॉलर माइक, आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. आजी किंवा घरातलं कुणी कांड्या भरत असेल तर त्यांनाही शेजारी बसव, दोघांच्या एकमेकांना दिलेल्या उत्तरांतून जास्त बाहेर येतं. पहिल्या दिवशी प्रश्न विचारू नकोस. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेव आणि ते जसे रोज बसतात तसे बसू देत. वडिलांनाही विचार, की माग काढायचा दिवस नक्की कोणता. तो दिवस तुला मोकळा ठेवायचा आहे, त्या तारखेची लग्नाची सुपारी घेऊ नकोस.

आणि माग निघायच्या आधी त्याचा आवाज वेगळा घेऊन ठेव. रेकॉर्डर मागापासून हातभर अंतरावर, दुसरा दाराबाहेर गल्लीत, जिथून तुम्ही लहानपणापासून तो ऐकत आलात तिथे. आजोबांना चालू करायला सांग, पाच मिनिटं चालू दे, मग बंद करायला सांग, आणि धोटा थांबल्यावरही रेकॉर्डर मिनिटभर तसाच राहू दे. कॅमेरा त्या वेळी बंद असला तरी चालेल.